दुधाच्या पावतीपासून वाळूच्या ब्रासपर्यंत: घनतेचा आकडा कसा वाचायचा

आमच्या गोठ्यात तीन गाई होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळचं दूध वडील घरीच लिटरच्या मापानं मोजून कॅनमध्ये ओतायचे. बरोबर वीस मापं. संकलन केंद्राच्या काट्यावर कॅन रिकामा केला की आकडा यायचा २०.६ आणि पावती हातात पडायची १९.४ लिटरची. काटा विसाच्या वर आणि पावती विसाच्या खाली कशी, असं वडिलांनी विचारलं तर "मशीनच काढतंय ते" एवढंच उत्तर मिळायचं.

मी तेव्हा बीएस्सीला होतो. पावत्यांचा गठ्ठा घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात उलगडा झाला. काटा किलो दाखवत होता. गाईचं एक लिटर दूध भरतं सुमारे १.०३ किलो, म्हणून २०.६ ला १.०३ ने भागलं की वीस लिटर येतात. इथवर सगळं ठीक होतं. पण काट्यानं आधीच लिटर करून पाठवलेला आकडा संगणक किलो समजून पुन्हा १.०३ ने भागत होता. २० भागिले १.०३, म्हणजे १९.४. दोन्ही वेळचं धरलं तर महिन्याला जवळपास ३५ लिटर दूध नुसत्या भागाकारात जात होतं. दाखवून दिल्यावर सेटिंग दुरुस्त झालं. मागचा फरक काही मिळाला नाही.

तेव्हापासून घनतेचा आकडा दिसला की मी तीन गोष्टी विचारतो. एकक कोणतं? कोणत्या तापमानाला मोजलंय? आणि मधल्या पोकळ्या धरून मोजलंय की सोडून? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो आकडा व्यवहारात काही कामाचा नाही. हा लेख त्या तीन प्रश्नांच्या वाटेनंच जातो. शेजारी कॅल्क्युलेटर असू द्या.

आधी एक घनता स्वतः काढा

व्याख्या आठवीच्या विज्ञानातलीच: घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. पण एकदा हातानं काढल्याशिवाय ती अंगवळणी पडत नाही. स्वयंपाकघरातलं तेल घ्या. पिशवीवर "१ लिटर" आणि शेजारी "९१० ग्रॅम" असं काहीतरी छापलेलं असतं. ते खरं आहे का, ते पाहू.

इथे बहुतेक जण मापाच्या भांड्यात तेल ओततात आणि वजन करतात. तसं करू नका. प्लास्टिकच्या मापावरच्या रेघा सहज तीन-चार टक्क्यांनी चुकलेल्या असतात आणि आपल्याला शोधायचा फरक त्याहून लहान असतो. त्याऐवजी रेघा नसलेली साधी अर्ध्या लिटरची बाटली घ्या. तिचं आकारमान किती, हे आपण पाण्यालाच विचारणार आहोत.

कोरडी रिकामी बाटली काट्यावर ठेवा. समजा २४ ग्रॅम भरली. आता ती पाण्यानं अगदी तोंडापर्यंत भरा, बाहेरून पुसा आणि पुन्हा वजन करा: ५३८ ग्रॅम. म्हणजे आत ५१४ ग्रॅम पाणी आहे. बाटली पूर्ण वाळवा. आतले दोन थेंबही घोटाळा करतात. मग तेवढंच तोंडापर्यंत तेल भरा: ४९४ ग्रॅम, म्हणजे तेल ४७० ग्रॅम. बाटली तीच, आकारमान तेच. ४७० भागिले ५१४ बरोबर ०.९१४. तेल पाण्याच्या ०.९१४ पट दाट आहे.

आता पाण्याची घनता हवी. खोलीत २८ अंश सेल्सिअस असेल तर ती दर लिटरला ९९६ ग्रॅम धरायची, हजार नाही. ०.९१४ गुणिले ९९६ बरोबर ९१०. पिशवीवरचा आकडा जुळला. काटा एका ग्रॅमपर्यंतच सांगत असल्यानं आपल्या उत्तरात तीन-चार ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतात, हेही उत्तरासोबत लिहायचं. हीच पद्धत प्रयोगशाळेत घनता-बाटली या नावानं चालते. फरक एवढाच की तिथल्या काचेच्या बाटलीच्या बुचाला बारीक भोक असतं, त्यामुळे दर वेळी नेमकं तेवढंच द्रव आत राहतं.

एककं: सहा नावं, दोन आकडे

आपण काढलेलं ९१० हे ग्रॅम प्रति लिटर आहे. हेच किलो प्रति घनमीटरही आहे, कारण घनमीटरमध्ये हजार लिटर आणि किलोत हजार ग्रॅम; दोन्हीकडचे हजार कटतात. किलो प्रति घनमीटर हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतलं अधिकृत एकक. पेट्रोल पंपावर, बांधकामाच्या संहितेत आणि मानक ब्युरोच्या कागदांत तेच भेटतं.

दुसऱ्या बाजूला ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, ग्रॅम प्रति मिलिलिटर, किलो प्रति लिटर आणि टन प्रति घनमीटर. ही चारही एककं आकड्यानं एकच आहेत. लोखंडाच्या सळईची घनता ७.८५ म्हणा, मग पुढे यांतलं कुठलंही एकक लावा, चूक होणार नाही. किलो प्रति घनमीटरमध्ये ती ७,८५० होते. एवढं एक गुणिले हजार पक्कं असलं की व्यवहारातली नव्वद टक्के रूपांतरं आटोपली.

विद्यार्थी चुकतात ते नेमके याच हजाराशी. एका घनमीटरमध्ये दहा लाख घनसेंटिमीटर असतात, हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते दहा लाखांनी गुणून मोकळे होतात. पण वर ग्रॅमचे किलो करताना हजार आधीच खर्ची पडलेला असतो. दहा लाख भागिले हजार, उरतो हजार. गोंधळ झाला तर पाण्याकडे जा. घनमीटर पाण्याचं वजन एक टन. हे एक वाक्य लक्षात असलं की उत्तराची दिशा चुकत नाही.

पाण्याचा आकडा इतका गोल येतो, हा योगायोग नाही. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला तो एक घनसेंटिमीटर पाण्यावरूनच. पुढे १९०१ मध्ये लिटरची व्याख्याही "एक किलो पाण्याचं आकारमान" अशी केली गेली आणि तो लिटर हजार घनसेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा निघाला, १,०००.०२८ घनसेंटिमीटर. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली. म्हणून जुन्या तक्त्यांत मिलिलिटर आणि घनसेंटिमीटर वेगळे दिसतात, आज ते एकच आहेत.

इंग्रजी मापांतला एकच गुणक लिहून ठेवा: एक पौंड प्रति घनफूट म्हणजे १६.०२ किलो प्रति घनमीटर. पाणी त्या मापात ६२.४. अमेरिकेतून आलेल्या फोमच्या किंवा पॅकिंगच्या मालावर हे एकक अजून असतं. "दोन पौंडांचा फोम" म्हणजे घनमीटरला ३२ किलो.

वायूंसाठी मात्र किलो प्रति घनमीटरच सोयीचं, कारण आकडे फार लहान असतात. ३० अंशांना हवा साधारण १.१६. दहा बाय दहाच्या आणि दहा फूट उंच खोलीत २८.३ घनमीटर जागा असते. म्हणजे त्या खोलीतल्या हवेचंच वजन ३३ किलो. वर्गात हे गणित केलं की मुलं खोलीच्या छताकडे बघत राहतात.

एकक नसलेली घनता

बाटलीच्या प्रयोगात मधेच ०.९१४ आलं होतं. त्याला एकक नाही. ते नुसतं गुणोत्तर आहे, पाण्याच्या किती पट. पाठ्यपुस्तकात याला सापेक्ष घनता म्हणतात, जुन्या पुस्तकांत विशिष्ट गुरुत्व आणि गॅरेजमध्ये नुसतं "ग्रॅव्हिटी". इन्व्हर्टरची बॅटरी बघायला आलेला माणूस "ग्रॅव्हिटी बाराशेपन्नास आहे" म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं १.२५०.

सापेक्ष घनता सांगताना कशाच्या सापेक्ष, हे गृहीत असतं. द्रव आणि घन पदार्थांसाठी पाणी, वायूंसाठी हवा. सुरक्षेसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. घरगुती सिलिंडरमधला गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, म्हणून गळती झाली की तो जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. पाइपानं येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असल्यानं हवेच्या साधारण ०.६ पट, तो छताकडे जातो. गळतीचा इशारा देणारं यंत्र एका घरात खाली आणि दुसऱ्या घरात वर बसवतात ते याच कारणानं.

लॅक्टोमीटर नीट कसा वाचायचा

आता पुन्हा दुधाकडे. यावर जरा थांबायला हवं, कारण रोज लाखो पावत्या या एका काचेच्या नळीवर ठरतात.

लॅक्टोमीटर म्हणजे खाली वजन भरलेली, वर बारीक दांडी असलेली तरंगती नळी. द्रव दाट असेल तर ती कमी बुडते, पातळ असेल तर जास्त. दांडीवरचा २८ हा आकडा म्हणजे १.०२८. पुढचं "एक पूर्णांक शून्य" गाळून उरलेलं लिहिलेलं असतं. गावात यालाच डिग्री म्हणतात. "डिग्री लागत नाही" ही तक्रार प्रत्येक केंद्रावर ऐकू येते. गाईच्या दुधाला साधारण २८ ते ३०, म्हशीच्या दुधाला ३० ते ३२.

धार काढल्या काढल्या मोजू नका. ताज्या दुधात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात आणि डिग्री कमी दिसते. निदान अर्धा तास जाऊ द्या. मग दूध एका भांड्यातून दुसऱ्यात हळूच ओतून साय सारखी मिसळा, फेस येऊ देऊ नका. उभट जार काठोकाठ भरा. लॅक्टोमीटर कोरडा करून हळू सोडा आणि किंचित फिरवा, म्हणजे तो जारच्या कडेला चिकटणार नाही. थांबला की डोळे दुधाच्या पातळीला आणा. दांडीपाशी दूध किंचित वर चढलेलं दिसतं. दूध अपारदर्शक असल्यानं त्या चढलेल्या कडेची वरची रेघ वाचायची. पेट्रोल किंवा पाण्यासारख्या पारदर्शक द्रवात मात्र खालची पातळी वाचतात. वरून वाकून पाहिलं तर अर्धी डिग्री सहज चुकते आणि ती अर्धी डिग्री नेहमी कुणाच्या तरी खिशातून जाते.

आता तापमान. तुमच्या लॅक्टोमीटरवर २७ अंश सेल्सिअस छापलंय की ६० अंश फॅरनहाइट, हे आधी पाहा. भारतीय मानकाचे बहुतेक २७ चे असतात. दूध त्याहून गरम असेल तर दर अंशाला ०.२ मिळवायचे, थंड असेल तर ०.२ वजा करायचे. दूध ३२ अंशांना २७ दाखवत असेल तर दुरुस्त आकडा २८. याच दुरुस्त आकड्याला पावतीवर सीएलआर म्हणतात. एसएनएफ म्हणजे दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक काढताना हाच आकडा चारनं भागून त्यात फॅटचा चौथा हिस्सा आणि एक स्थिरांक मिळवतात. हा स्थिरांक सगळीकडे एकच धरत नाहीत, म्हणून तुमच्या केंद्रावर कोणता धरलाय ते विचारून घ्या. ते विचारणं हा उत्पादकाचा हक्क आहे.

डिग्रीवरून पाणी कळतं का? नऊ लिटर १.०३० च्या दुधात एक लिटर पाणी घातलं तर मिश्रण १.०२७ वर येतं. तीन डिग्रींचा फरक, स्पष्ट दिसणारा. पण साय काढली की डिग्री वाढते, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. साय काढून मग पाणी घातलं तर आकडा पुन्हा पूर्वीच्याच जागी येतो. म्हणून नुसत्या लॅक्टोमीटरवर दुधाचा निवाडा करू नये, फॅटसोबतच तो वाचावा.

अंशांच्या पट्ट्या: ब्रिक्स, बॉमे, ट्वाडेल, एपीआय

कारखान्यांत घनता बोलली जाते ती बहुधा अंशांत. प्रत्येक धंद्यानं आपली पट्टी बनवली. आकडे सुटसुटीत झाले, पण एका धंद्याचा माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात गेला की अडतो.

बॅटरीतलं तेच १.२५० चं ॲसिड घ्या. बॉमे पट्टीचं सूत्र आहे १४५ वजा (१४५ भागिले सापेक्ष घनता). १४५ भागिले १.२५ म्हणजे ११६, म्हणून २९ अंश बॉमे. ही पट्टी फ्रेंच रसायनज्ञ आंत्वान बॉमे यानं १७६८ मध्ये मिठाच्या पाण्यावरून बसवली. पाण्याहून हलक्या द्रवांसाठी तिचं सूत्र वेगळं आहे, तिथे हे वापरू नका. ट्वाडेल पट्टी त्याहून सोपी: सापेक्ष घनतेतून एक वजा करा आणि दोनशेनं गुणा. १.२५० म्हणजे ५० अंश ट्वाडेल. कापडाला चमक आणायला मर्सराइज करताना कॉस्टिक सोड्याचं पाणी साधारण ५० ट्वाडेलच्या आसपास ठेवतात. बॅटरीवाल्याचं बाराशेपन्नास, रसायनवाल्याचं एकोणतीस आणि कापडवाल्याचं पन्नास, तिघंही एकच घनता सांगत असतात.

ब्रिक्स मात्र वेगळ्या घरातलं माप आहे. २० ब्रिक्सचा उसाचा रस म्हणजे १०० ग्रॅम रसात २० ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ. हे वजनाला वजन आहे. टाकीत १,००० लिटर रस असेल तर त्यात २०० किलो घन पदार्थ, असं पटकन वाटतं. पण २० ब्रिक्सच्या रसाची घनता सुमारे १.०८१, म्हणजे हजार लिटर रस भरतो १,०८१ किलो आणि त्याचे वीस टक्के २१६ किलो. गुऱ्हाळावर कढईचा हिशेब करताना हे सोळा किलो विसरू नका. आणि विरघळलेलं सगळं साखर नसतं, क्षार वगैरेही त्यातच येतात.

कच्च्या तेलाच्या बातम्यांत एपीआय अंश असतात: १४१.५ भागिले सापेक्ष घनता, वजा १३१.५. ही पट्टी उलटी चालते. आकडा मोठा तितकं तेल हलकं. पाणी १० वर आहे. म्हणून "हलकं तेल, ३८ अंश" वाचलं की ते पाण्यावर तरंगणार, हे नक्की समजा.

तापमान: पेट्रोल पंपावरचा फलक

पंपावर पेट्रोलची आणि डिझेलची आजची घनता लिहिलेली असते. तो आकडा १५ अंश सेल्सिअसचा असतो. आपल्याकडे पंपावर १५ अंश तापमान सहसा नसतंच, मग तो कुठून येतो?

ग्राहकानं मागितलं तर घनता तपासून दाखवावी लागते. त्यांच्याकडे अर्ध्या लिटरचा काचेचा जार, हायड्रोमीटर (लॅक्टोमीटरसारखीच तरंगती नळी), तापमापी आणि रूपांतराचा तक्ता असतो. नोझलमधून जार भरतात, हायड्रोमीटर सोडतात आणि सोबत तापमान घेतात. समजा ३२ अंशांना ७३३ आलं. तक्त्यात ३२ च्या ओळीत ७३३ शोधायचं, समोर १५ अंशांची घनता मिळते. पेट्रोलसाठी दर अंशाला सुमारे ०.९ चा फरक पडतो, त्यामुळे तक्ता उघडण्याआधीच अंदाज बांधता येतो: १७ अंश गुणिले ०.९ म्हणजे पंधराएक. उत्तर ७४८ च्या जवळ यायला हवं. डिझेलला हाच फरक दर अंशाला ०.७ च्या आसपास.

मग हा आकडा टँकरच्या चलनावरच्या घनतेशी ताडून पाहायचा. फरक ३ किलो प्रति घनमीटरच्या आत असेल तर ठीक, त्याबाहेर गेला तर नमुना तपासणीला जायला हवा. लक्षात घ्या, तुलना त्याच खेपेच्या चलनाशी करायची असते. मानकानुसार पेट्रोल ७२० ते ७७५ मध्ये कुठेही असू शकतं, म्हणून दोन पंपांवर दोन वेगळे आकडे दिसले तर त्यांतला एक भेसळीचाच, असं म्हणता येत नाही. उलट, आकडा जुळला म्हणून पेट्रोल शुद्धच, असंही नाही. रॉकेल मिसळलं तर घनता वाढते, पण तेवढ्याच घनतेचं एखादं द्रावक मिसळलं तर हायड्रोमीटरला काहीच कळत नाही.

तापमानाचा हाच खेळ खाद्यतेलाच्या पिशव्यांवर चालायचा. आकारमानाशेजारी "अमुक अंशांना" असं बारीक छापलेलं असे. ६० अंशांना मोजलेलं एक लिटर तेल साधारण २० ग्रॅमनं कमी भरतं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं उत्पादकांना सांगितलं की तापमान न लिहिता आकारमान लिहा आणि सोबत वजनही द्या. जानेवारी २०२३ पर्यंत तसा बदल करायचा होता. पिशवी घेताना मी आजही लिटर पाहत नाही, ग्रॅम पाहतो.

पोकळ्या: एक ब्रास वाळू म्हणजे किती टन?

बांधकाम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. महाराष्ट्रात वाळू, खडी, मुरूम ब्रासनं घेतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. गाडी मात्र वजनकाट्यावर टनांत मोजली जाते. मधला पूल घनतेचा, पण कोणत्या घनतेचा?

वाळूचा एकेक कण घेतला तर त्याची घनता २.६५ च्या आसपास. या हिशेबानं ब्रास साडेसात टनांचा व्हायला हवा, पण प्रत्यक्षात तो येतो साडेचार टनांच्या जवळ. कारण कणांच्या मध्ये हवा आहे. ढिगाची घनता काढताना ती पोकळीही आकारमानात धरतात, म्हणून तिला स्थूल घनता म्हणतात. कोरड्या, सैल वाळूची ती सुमारे १,६०० किलो प्रति घनमीटर. २.८३ गुणिले १,६०० बरोबर ४.५ टन. सिमेंटचंही तसंच. कणांची घनता ३.१५, पण सैल सिमेंट १,४४० धरतात. म्हणून ५० किलोची गोणी सुमारे ३५ लिटर, म्हणजे सव्वा घनफूट.

खरी मेख ओलाव्यात आहे. वाळू थोडी ओली झाली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर सरकतात. वाळू फुगते. चार-पाच टक्के ओलाव्याला बारीक वाळू २५ टक्के किंवा त्याहूनही जास्त फुगू शकते. म्हणजे ब्रासभर ओल्या वाळूत खरी वाळू ८० घनफूटच. पैसे शंभराचे. शिवाय मिस्त्री घमेल्यानं मोजून माल कालवतो तेव्हा वाळू कमी पडते आणि प्रमाण बिघडतं.

हे साइटवर पाच मिनिटांत तपासता येतं. सरळ बाजूंची बादली किंवा पत्र्याचा डबा घ्या. त्यात ओली वाळू न दाबता, हातानं सोडत भरा आणि वरचा भाग सपाट करून उंची मोजा, समजा २० सेंटिमीटर. वाळू बाजूला काढा. डब्यात निम्म्यापर्यंत पाणी घ्या आणि तीच वाळू थोडी थोडी परत टाका, सळईनं ढवळत. पाण्यात पूर्ण बुडाली की थर मोडतात आणि वाळू कोरडी असताना जेवढी जागा घेते जवळपास तेवढ्यावर येते. पुन्हा उंची मोजा: १६ सेंटिमीटर. २० भागिले १६ म्हणजे १.२५. वाळू २५ टक्के फुगलेली आहे. प्रमाणात चार घमेली वाळू हवी असेल तर तुम्हाला पाच घ्यायची आहेत.

माझं म्हणणं असं की ज्याच्याकडे वजनकाट्याची सोय आहे त्यानं वाळूचा सौदा टनांत करावा. त्यातही पाण्याचं वजन येतं, पण पाच टक्के ओलाव्याला चूक पाच टक्क्यांचीच होते, पंचवीस टक्क्यांची नाही.

धान्यालाही स्थूल घनताच लागते. गव्हाचं हेक्टोलिटर वजन ७८ म्हणजे शंभर लिटर मापात ७८ किलो गहू. भरीव, टपोरा दाणा असला की हा आकडा वर जातो, सुकलेला असला की खाली. जुनी माणसं पायली भरून वजनाचा अंदाज घ्यायची, त्यामागे हेच होतं.

मीटरला किलो, चौरस मीटरला ग्रॅम

काही वस्तूंत एक-दोन मापं ठरलेलीच असतात, मग घनतेतून ती बाहेर काढून ठेवतात. सळईचं "डी वर्ग भागिले १६२" हे सूत्र प्रत्येक सुपरवायझरला पाठ असतं, पण १६२ कुठून आलं हे फार थोड्यांना सांगता येतं. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग, गुणिले पाय भागिले चार, मिलिमीटरचे मीटर करायला दहा लाखांनी भाग आणि शेवटी गुणिले ७,८५०. सगळे स्थिरांक एकत्र केले की उरतं ०.००६१६५, म्हणजेच एक भागिले १६२.२. त्या १६२ च्या पोटात लोखंडाची घनता आहे. १२ मिलिमीटरची सळई: १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.८९ किलो, आणि १२ मीटरचा नग १०.७ किलो. या व्यासाला मानकात पाच टक्क्यांची सूट आहे. नग सातत्यानं दहाच्या खाली भरत असतील तर माल परत करा.

कागदाचं आणि कापडाचं जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम. झेरॉक्सच्या ७५ जीएसएम कागदाचं ए-४ पान पावणेपाच ग्रॅमच्या आतबाहेर भरतं. धाग्याचं डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ही एककं घनमीटरच्या एककांत मिसळता येत नाहीत. जाडी किंवा छेद माहीत असेल तरच ती जोडता येतात.

दागिना पाण्यात मोजताना

शेवटी सगळ्यांच्या उत्सुकतेचा भाग. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत सांगणारा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही. आधी दागिन्याचं कोरडं वजन घ्या, समजा २४.६० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. दागिना बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे झटकून टाका. आता काटा दाखवतो तेवढ्या ग्रॅमचं पाणी दागिन्यानं बाजूला सारलं: १.३८. २४.६० भागिले १.३८ म्हणजे १७.८३, गुणिले ०.९९६ म्हणजे १७.७५.

शुद्ध सोनं १९.३२. बावीस कॅरेटमध्ये उरलेला धातू तांबं असेल तर १७.६, चांदी असेल तर १८.० च्या आसपास. १७.७५ त्या पट्ट्यात बसतं. अठरा कॅरेट १५ ते १६ मध्ये येतं. ही पद्धत भरीव बांगडी किंवा वळ्यालाच लावा. खडे, लाख, मीनाकारी किंवा पोकळ मणी असतील तर आकडा निरर्थक आहे. तीन ग्रॅमच्या अंगठीलाही लावू नका. ती जेमतेम ०.१७ ग्रॅम पाणी सारते आणि काट्याची ०.०१ ची चूक तिथे सहा टक्के होते.

टंगस्टनची घनता १९.२५ आहे, सोन्याला अगदी चिकटून. टंगस्टनच्या गाभ्यावर सोन्याचा थर दिलेली लगड पाण्याच्या परीक्षेत पार होते. सोनाराकडचं क्ष-किरण यंत्र पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतं, त्यामुळे तिथेही ती पार होते. अशी लगड ओळखायला अल्ट्रासाउंड लागतो किंवा सरळ ती कापून पाहावी लागते.